प्लाझ्माची वेळ वाढवली आणि तारा जास्तच सुटू लागल्या: वाळूजच्या एका प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दुचाकींचे सेन्सर बनतात. सिलिकॉनचा डाय (म्हणजे चिपचा तुकडा) चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या लीडफ्रेमवर (बाहेरच्या जोडणीची टोकं असलेल्या पातळ पट्टीवर) चांदीमिश्रित इपॉक्सीनं चिकटवतात, ओव्हनमध्ये पक्का करतात आणि मग २५ मायक्रॉनच्या सोन्याच्या तारेनं बाँडिंग करतात, म्हणजे डाय आणि लीडफ्रेम तारेनं जोडतात. डायवरच्या ॲल्युमिनियम पॅडवर (जोडणीच्या जागेवर) तारेच्या टोकाचा गोळा म्हणजे बॉल, लीडफ्रेमवर तारेचं चेपलेलं दुसरं टोक म्हणजे स्टिच. बाँडिंगच्या आधी पृष्ठभाग साफ करायला ५ मिनिटं ऑक्सिजन प्लाझ्मा, म्हणजे बंद चेंबरमध्ये विजेनं आयनित केलेला विरळ वायू. बॉलची बाजू ठीक आहे, पण स्टिच उचलून येतो. वेळ १० मिनिटं केली तर सुटणाऱ्या तारा वाढल्या. पाण्याचा थेंब टाकून पाहिला तर तो छान पसरतो, म्हणजे पृष्ठभाग स्वच्छ असणार. मग चुकतंय कुठं, आणि पॉवर वाढवून बघू का?

पॉवर वाढवू नका. ऑक्सिजनच बंद करा, आजच्या शिफ्टपासून. तुमच्या वर्णनावरून मला दिसतं ते असं, की तुमचं मशीन अगदी नीट चाललं आहे आणि त्यानं तुमच्या चांदीचा ऑक्साइड करून टाकला आहे. खात्री करायला दोन मिनिटं पुरतील. प्लाझ्मा न केलेली एक पट्टी आणि १० मिनिटं केलेली एक पट्टी पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवा आणि खिडकीच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नको. न केलेल्या पट्टीची चांदी दुधाळ पांढरी दिसेल. दुसरीवर पिवळट, तपकिरी किंवा राखाडी झाक असेल, लीडच्या टोकांवर आणि कडांना जास्त, कारण तिथं विद्युतक्षेत्र एकवटतं. फारच झालं असेल तर कापसाचा बोळा फिरवल्यावर काळी भुकटी निघते.

इथं बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून थोडं थांबते. चांदी हवेत गंजत नाही हे आपण घरात बघतो. पैंजण काळे पडतात ते हवेतल्या गंधकामुळे. त्यात ऑक्सिजनचा हात नसतो. त्यामुळे ऑक्सिजन प्लाझ्मा चांदीला काही करणार नाही असं वाटणं साहजिक आहे. पण हवेतला ऑक्सिजन जोडीनं असतो, दोन अणू एकमेकांना धरून. प्लाझ्मामध्ये ही जोडी तुटते आणि सुटा अणू समोर येईल त्याला धरतो. मळातल्या कार्बनला धरतो तसा चांदीलाही धरतो. पृथ्वीच्या खालच्या कक्षेत फिरणाऱ्या उपग्रहांच्या सौरपट्ट्यांवर चांदीच्या जोडण्या उघड्या राहिल्या तर तिथला सुटा ऑक्सिजन त्या खाऊन टाकतो, ही अंतराळ तंत्रज्ञानातली जुनी अडचण आहे. तुमच्या चेंबरमध्ये तेच दहा मिनिटांत घडतंय.

मग बॉल का धरतो? वायर बाँडिंगमध्ये सांधा वितळून बनत नाही. बॉल तयार करताना ठिणगीनं तारेचं टोक वितळतं, पण पॅडवर टेकतो तेव्हा तो घनच असतो. लीडफ्रेम १५० ते २२० अंश सेल्सियसला तापलेली असते, कॅपिलरी, म्हणजे तार जिच्यातून येते ती बारीक नळी, दाब देते, अल्ट्रासोनिक कंपनं तार घासतात, आणि दोन धातूंचे ताजे पृष्ठभाग अणूला अणू भिडला की एकजीव होतात. मध्ये काही नॅनोमीटरचा थर असला तरी ही भेट होत नाही. ॲल्युमिनियमवर ऑक्साइड कायमच असतो, साधारण २ ते ५ नॅनोमीटर. पण तो कडक आणि ठिसूळ, आणि खालचं ॲल्युमिनियम मऊ. घासताच तो काचेसारखा तडकतो, बाजूला सरकतो आणि ताजा धातू उघडा पडतो. ऑक्सिजन प्लाझ्मानं तो फारसा वाढतही नाही. चांदीवर मात्र जाड, भुसभुशीत थर तयार होतो. तो तडकून बाजूला होत नाही, तार त्या भुकटीतच रुतून बसते. शिवाय स्टिच हा मुळातच अशक्त सांधा, कॅपिलरीच्या कडेनं चेपलेली पातळ चंद्रकोर. बॉलला जेवढं क्षेत्र आणि जेवढं घर्षण मिळतं, तेवढं त्याला मिळत नाही. म्हणून आधी तोच बोलतो.

आणि थेंब पसरला त्याचं काय? थेंब खोटं बोललेला नाही, त्याला विचारलेला प्रश्न अपुरा होता. पाण्याचा थेंब फक्त एवढं सांगतो की वर तेलकट, सेंद्रिय थर उरलेला नाही. चांदीच्या ऑक्साइडवरही पाणी मजेत पसरतं, काचेवरही पसरतं. बाँड होईल की नाही हे त्याला कळत नाही. मी थेंबाची चाचणी रोज करते आणि करत राहीन, पण प्लाझ्मा चालू होता की नाही हे बघण्यासाठी. सांध्याचा निकाल त्याच्यावर सोडत नाही.

मी मूळची औशाची. लहानपणी आमच्या वाड्यापुढं वर्षातून एकदा कल्हईवाला यायचा. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, बाजूला भाता. आज्जी पितळेची पातेली काढून द्यायची. तो आधी प्रत्येक पातेलं उजेडात फिरवून बघायचा. तेलकट असेल तर राखेनं घासायचा, करपलेलं असेल तर वाळूनं. मग तापवून नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर निघायचा, आणि त्या क्षणी कथील फिरवलं की आरशासारखं चढायचं. नवसागरानं धातूवरचा ऑक्साइड जायचा. पण तेलाच्या थरावर नवसागराचा उपयोग नसतो आणि ऑक्साइडवर राखेचा, हे त्याला पक्कं माहीत होतं. प्लाझ्माच्या मशीनपुढं उभ्या असलेल्या प्रत्येक नव्या इंजिनिअरला मी हेच सांगते की आधी पातेलं उजेडात फिरवून बघा. मळ कोणता हे ठरल्याशिवाय गॅसच्या बटणाला हात लावू नका.

ऑक्सिजन ही राख आहे. तेल, बोटांचे ठसे, रेझिनचा पातळ थर असल्या कार्बनच्या मळाचा तो कार्बन डायऑक्साइड आणि वाफ करून टाकतो आणि पंप ते ओढून घेतो. सोन्याच्या पॅडवर, सिरॅमिकवर, काचेवर बिनधास्त वापरा. उघडी चांदी किंवा तांबं असेल तर नको. आर्गॉन ही वाळू आहे. तो रासायनिक काही करत नाही, त्याचे आयन येऊन आपटतात आणि वरचे काही नॅनोमीटर उडवतात, मग तो मळ असो, ऑक्साइड असो की खुद्द धातू असो. हायड्रोजन हा नवसागर, तो ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो. तो आर्गॉन किंवा नायट्रोजनमध्ये थोड्या प्रमाणात मिसळलेला, तयार सिलिंडरमध्येच घ्या. मिश्रण ज्वलनशील गटात येतं की नाही हे पुरवठादाराच्या कागदावर वाचा आणि एक्झॉस्ट छपराबाहेर काढा. कारखान्यात हायड्रोजनचं मिश्रण जागच्या जागी बनवायच्या भानगडीत पडू नका.

तुमच्या भागासाठी मी साध्या आर्गॉननं सुरुवात करेन. चांदी आणि ॲल्युमिनियम, दोन्हींना तो चालतो. ९९.९९९ टक्के शुद्धतेचा घ्या. वेल्डिंगचा सिलिंडर स्वस्त पडतो म्हणून तो लावू नका, त्यातला ओलावा आणि ऑक्सिजन इथं नडतो. चेंबर आधी ०.०५ मिलिबारपर्यंत खाली न्या, मग आर्गॉन सोडून ०.२ मिलिबारच्या आसपास स्थिर करा. तुमचं मशीन १३.५६ मेगाहर्ट्झचं असेल आणि चेंबर मध्यम आकाराचं असेल तर २०० ते ३०० वॅट. वेळ ३०, ६०, १२० आणि २४० सेकंद अशा चार पट्ट्या करून बघा. पॉवरचा आकडा दुसऱ्याच्या मशीनवरून उचलू नका. चेंबरचा आकार, इलेक्ट्रोडमधलं अंतर, आत किती माल भरला आहे, यावर तोच आकडा सौम्य किंवा जहाल ठरतो. माझा अनुभव असा की बहुतेक ठिकाणी ६० ते १२० सेकंदांत काम होतं आणि त्यापुढचा वेळ नुकसानाकडं जातो. आर्गॉन जास्त झाला की लीडफ्रेमची चांदीच उडून शेजारच्या डायवर बसते, आणि मग गळतीच्या विद्युतप्रवाहाच्या तक्रारी सुरू होतात. त्या कुठून आल्या हे शोधायला महिने जातात.

पट्ट्या कशात ठेवता हेही बघा. बाँडिंगचं नेहमीचं मॅगझिन, म्हणजे पट्ट्या रचायचा डबा, दोन्ही बाजूंनी बंद असतं. तेच उचलून चेंबरमध्ये ठेवलं तर प्लाझ्मा वरच्या एक-दोन पट्ट्यांशी खेळतो आणि मधल्या तशाच राहतात. मग कोणीतरी वेळ वाढवतं, मधल्या कशाबशा साफ होतात आणि वरच्या जळतात. बाजूंना खाचा असलेलं मॅगझिन घ्या, किंवा कमी पट्ट्या एका थरात मांडा. वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी नमुना पट्ट्या ठेवून तिन्हींचा निकाल वेगळा लिहा. सरासरी काढू नका.

आता मुळाकडं. तुम्ही ऑक्सिजन प्लाझ्मा सुरू कशासाठी केलात? बहुधा इपॉक्सीसाठी. इपॉक्सी ओव्हनमध्ये पक्का होताना दोन गोष्टी होतात. त्यातून वाफा निघून लीडवर आणि पॅडवर बसतात, आणि पातळ रेझिन डायच्या कडेनं चांदीवर ओघळत पसरतं. खडबडीत चांदीवर ते जास्त पसरतं. सूक्ष्मदर्शकाखाली डायभोवती ओलसर दिसणारी किनार दिसते तीच ही. वाफांचा पातळ थर आर्गॉन काढेल. ओघळलेलं रेझिन मायक्रॉनमध्ये मोजावं इतकं जाड असतं, ते नॅनोमीटर उडवणाऱ्या प्लाझ्मानं निघणार नाही. तिथं इपॉक्सीचं प्रमाण, पसरण्यापासून ते ओव्हनमध्ये जाईपर्यंतचा वेळ, ओव्हनमधला नायट्रोजनचा प्रवाह आणि तापमान चढण्याचा वेग हे सुधारावं लागतं. ओव्हन खच्चून भरलेलं असेल तर वाफा बाहेर पडायला वाटच राहत नाही, ते आधी तपासा.

अजून एक, आणि हे सहसा कोणी सांगत नाही. काही जण डाय चिकटवण्याच्या आधीही लीडफ्रेमला प्लाझ्मा देतात, जास्त स्वच्छ तेवढं चांगलं म्हणून. प्लाझ्मा दिलेल्या पृष्ठभागावर सगळंच जास्त पसरतं, रेझिनसुद्धा. ओघळ वाढतो. तुमच्याकडं असा टप्पा असेल तर एक लॉट त्याच्याशिवाय करून बघा.

काही मळ असा असतो की त्यापुढं प्लाझ्मा हात टेकतो. माझी स्वतःची सगळ्यात महागात पडलेली चूक इथली आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका युनिटमध्ये होते, तिथं दाबाचे सेन्सर व्हायचे. बॉल सुटायला लागले. मी ऑक्सिजन प्लाझ्मा वाढवला. दोन दिवस फरक पडल्यासारखं वाटलं, मग पुन्हा तेच, आणि आता बॉल पॅडला धरेचना. पॅड स्वच्छ, चकचकीत दिसायचा. थेंब सपाट पसरायचा. तीन आठवडे आम्ही कॅपिलरी बदलत होतो, तापमान वाढवत होतो. शेवटी रात्रपाळीच्या एका ऑपरेटर ताईनं सहज सांगितलं की सेन्सरवर भरायचं सिलिकोन जेल पक्कं करायला मोठं ओव्हन पुरत नाही, म्हणून रात्री डायच्या ओव्हनमध्येच ट्रे लावतात. सिलिकोनच्या वाफा सगळ्या पॅडवर बसत होत्या. सिलिकोनमध्ये कार्बनबरोबर सिलिकॉनही असतो. ऑक्सिजन प्लाझ्मा त्यातला कार्बन नेतो आणि मागं उरते सिलिका, म्हणजे काचच. मी वेळ वाढवत होते आणि प्रत्येक पॅडवर पातळ काच चढवत होते. ती ना ऑक्सिजननं निघत, ना सौम्य आर्गॉननं. तो सगळा माल भंगारात गेला. त्या ताईंना पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर तीन आठवडे वाचले असते, हे मला अजूनही लागतं. तेव्हापासून माझा नियम आहे की सिलिकोन जेल, सिलिकोन ग्रीस, सिलिकोन असलेलं हँडक्रीम यातलं काही बाँडिंगच्या वाटेवर येऊ द्यायचं नाही, आणि जेलचं ओव्हन कायम वेगळं. तुमच्याकडंही सेन्सर आहेत, म्हणून हे मुद्दाम लांबवून लिहिलं.

दुसरा तसाच हट्टी मळ म्हणजे फ्लोरिन. वेफरवर, म्हणजे डाय कापण्याआधीच्या सिलिकॉनच्या चकतीवर, पॅड उघडा करताना वरचा संरक्षक थर फ्लोरिनयुक्त वायूंनी खरवडतात. नीट धुतलं नाही तर ॲल्युमिनियमवर फ्लोराइड राहतं आणि वेफर साठवणीत असतानाही ते वाढत जातं. पॅडवर तपकिरी ठिपके दिसले, किंवा एकाच पुरवठादाराच्या एकाच लॉटचे बॉल सुटले, तर तिकडं बघा. साध्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या एक्स-रे विश्लेषणावर विसंबू नका. ते मायक्रॉनभर खोलवरचं बघतं, त्यात दोन-चार नॅनोमीटरचा थर बुडून जातो. पृष्ठभागाचं खरं विश्लेषण, एक्सपीएस किंवा ऑजर, मुंबई-पुण्याच्या संशोधन संस्थांत पैसे भरून करून मिळतं. नमुना चिमट्यानं कडेला धरून स्वच्छ काचेच्या पेटीत न्या. प्लास्टिकच्या पिशवीत नेलात तर पिशवीचंच विश्लेषण होऊन येईल.

आता आपल्याकडच्या हवेबद्दल. मराठवाड्यात मशीनला दोन वेगळे ऋतू सोसावे लागतात. एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी की हातमोजा काढला तरी ठिणगी उडते. आर्द्रता नियंत्रण नीट नसेल तर प्लाझ्मातून बाहेर आलेल्या पट्ट्यांवर विद्युतभार बसलेला असतो आणि हवेतला धूलिकण सरळ पॅडवर येतो. माल उतरवायच्या जागी हा विद्युतभार घालवणारा आयोनायझर हवाच. पावसाळ्यात उलट. दार उघडं राहिलं की चेंबरच्या भिंती ओलावा धरतात. तुम्ही आर्गॉन सोडता, पण आत पाण्याची वाफही असते, ती फुटून त्यातून ऑक्सिजन तयार होतो, आणि आर्गॉनची रेसिपी असूनही चांदी पिवळी पडते. म्हणून ०.०५ मिलिबारला पोचायला किती सेकंद लागतात ते रोज सकाळी वहीत लिहा. उन्हाळ्यात ४० लागत असतील आणि ऑगस्टमध्ये ९० लागले तर ओलावा किंवा गळती आहे. पंपाची झडप बंद करून दाब किती वेगानं चढतो ते पाहिलं की दोन्हींतला फरक कळतो, कारण ओलाव्यानं चढणारा दाब हळूहळू मंदावतो आणि गळतीचा सरळ चढत राहतो. चेंबरच्या खिडकीतून रंगही बघायची सवय लावा. शुद्ध आर्गॉनचा फिकट जांभळा असतो. गुलाबीकडं झुकला तर हवा शिरते आहे.

वीज गेली तर काय होतं हे तुमच्या मशीनवर आधी माहीत करून घ्या. एका कारखान्यात वळवाच्या पावसात, मे महिन्यात, सायकल चालू असताना वीज गेली. पंप थांबला, चेंबरमध्ये व्हॅक्यूम तसाच, आणि रोटरी पंपाचं तेल उलटं चढून नळीतून चेंबरपर्यंत आलं. वीज आली, मशीननं सायकल पुन्हा सुरू केली, कोणाच्या लक्षातही आलं नाही. पुढचा आठवडाभर स्वच्छ करायच्या मशीनमधूनच माल तेलकट होऊन बाहेर पडत होता. ट्रे आणि भिंती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून, रिकाम्या चेंबरमध्ये तासन् तास ऑक्सिजन चालवून ते निस्तरलं. वीज जाताच आपोआप बंद होणारी झडप पंप आणि चेंबरमध्ये असलीच पाहिजे. जमलं तर कोरडा, तेलविरहित पंप घ्या. आणि ज्या मशीनवर शुद्ध ऑक्सिजन चालतो त्याच्या पंपात साधं खनिज तेल कधीही नको, ते पेट घेऊ शकतं. तिथं फ्लोरिनयुक्त तेलच लागतं.

प्लाझ्मा झाल्यावर घड्याळ सुरू होतं. ताजा पृष्ठभाग भुकेला असतो, हवेतला पहिला वाफारा तो धरतो. मी ४ तासांची मर्यादा ठेवते. त्यात बाँडिंग झालं नाही तर एकदा पुन्हा प्लाझ्मा, तिसऱ्यांदा नाही. मधल्या वेळात पट्ट्या नायट्रोजनच्या कपाटात ठेवायच्या, गुलाबी अँटिस्टॅटिक पिशवीत अजिबात नाही, कारण त्या पिशवीतलं रसायन पृष्ठभागावर उतरतं. चांदीच्या लीडफ्रेम पुठ्ठ्याच्या खोक्यात रबरबँड लावून ठेवलेल्या मी कित्येक स्टोअरमध्ये पाहिल्या आहेत. पुठ्ठा आणि रबर दोन्हींतून गंधक निघतं, आणि मग ते पैंजणासारखं काळवंडणं बाँडिंगच्या आधीच सुरू झालेलं असतं. आज स्टोअरमध्ये एक फेरी मारून या.

मोजमाप कसं करायचं तेही सांगते, कारण तुमच्या पत्रात पुल टेस्टची (हुकानं तार ओढून बघायच्या चाचणीची) सरासरी आहे पण तार कुठं तुटली हे नाही. मिल-स्टँडर्ड ८८३ या अमेरिकी लष्करी मानकाच्या २०११ क्रमांकाच्या पद्धतीप्रमाणे २५ मायक्रॉनच्या सोन्याच्या तारेला आवरण घालण्याआधी किमान ३ ग्रॅम-फोर्स लागतात. चांगल्या लाइनवर आकडा ७ ते १० च्या आसपास असतो. पण ६ ग्रॅमला स्टिच अख्खा उचलून आला आणि खाली चांदी कोरी दिसली, तर तो आकडा पास असला तरी सांधा नापास आहे. मला तार मध्येच किंवा बॉलच्या मानेशी तुटलेली हवी. स्टिच तपासायचा असेल तर हुक तारेच्या मध्यावर न लावता स्टिचच्या जवळ लावा, नाहीतर भार मानेवर येतो आणि स्टिच लपून राहतो. बॉलसाठी शिअर टेस्ट, म्हणजे बाजूनं ढकलून सोडवायची चाचणी, करा. महिन्यातून एकदा काही डाय पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात टाका. ॲल्युमिनियम विरघळून बॉल सुटतात, ते उलटे करून तळ बघा. सोनं-ॲल्युमिनियमचा मिश्रधातू जिथं झाला आहे तिथं रंग वेगळा दिसतो. तो तळभर एकसारखा पसरलेला असावा. बेटं-बेटं दिसली तर मळ आहे, पुल टेस्ट काही म्हणो.

आणि भाजून पुन्हा ओढा. मळावर बसलेला सांधा पहिल्या दिवशी धरतो आणि उष्णतेत सोडतो. दुचाकीच्या इंजिनाशेजारी, परभणी-नांदेडच्या मे महिन्यात तुमचा सेन्सर काय सोसणार आहे ते डोळ्यापुढं आणा. रेसिपी ठरवताना १७५ अंशांवर एक-दोन दिवस भाजून पुल आणि शिअर दोन्ही करा. वाहन उद्योगाची १५० अंशांवर १००० तासांची चाचणी नंतर होईलच, पण त्याच्या आधी एवढ्यातच बरंच कळतं.

थेंबाची चाचणी चालू ठेवायची असेल तर नुसत्या नजरेनं नको. नमुन्याच्या सपाट पट्टीवर ३ मायक्रोलिटर शुद्ध पाणी टाका, बाजूनं फोटो काढा, थेंबाची रुंदी आणि उंची मोजा. उंचीच्या दुपटीला रुंदीनं भागलं की अर्ध्या कोनाचा टॅन्जंट मिळतो. समजा रुंदी ३ मिलिमीटर आणि उंची ०.८ आली, तर भागाकार ०.५३, अर्धा कोन २८, पूर्ण कोन ५६ अंश. प्लाझ्मानंतर तोच थेंब ५ मिलिमीटर रुंद आणि ०.३ उंच झाला तर कोन १४ अंशांच्या आत. हे आकडे तारखेसह लिहीत गेलात की मशीन हळूहळू कमी पडायला लागलंय हे माल बिघडायच्या आधी दिसतं. ज्या पट्टीवर थेंब टाकला ती पुन्हा मालात घालू नका.

तुम्ही शेवटी विचारलंय की पुढं पॉवर मॉड्यूलची जाड ॲल्युमिनियमची तार आणि सोन्याच्या मुलाम्याचे बोर्ड घेणार आहात, तिथं काय. जाड तारेला प्लाझ्माची गरज कमी पडते, घर्षणच बरंच काम करतं. सोल्डरिंगनंतर फ्लक्स नीट धुणं जास्त महत्त्वाचं. बोर्डवर निकेलवरचं सोनं ०.०५ ते ०.१ मायक्रॉन एवढंच असेल तर त्यातून निकेल वर येऊन ऑक्साइड करतं. आर्गॉन तात्पुरतं साफ करेल, पण सोन्याच्या तारेसाठी मी तसा बोर्ड घेणारच नाही. जाड मऊ सोनं किंवा मध्ये पॅलेडियमचा थर असलेला बोर्ड मागवा.

राहिला आधीच १० मिनिटं ऑक्सिजन खाल्लेला माल. हायड्रोजनच्या मिश्रणानं चांदीचा ऑक्साइड परत चांदी होतो आणि पट्टी पांढरी दिसायला लागते. पण ती चांदी सच्छिद्र झालेली असते, पहिल्यासारखी घट्ट नाही. दाखवायच्या नमुन्यांसाठी, सेटिंगसाठी वापरा. गाडीत जाणाऱ्या भागासाठी मी ती वापरणार नाही. आणि गेल्या काही आठवड्यांत ५ मिनिटांच्या रेसिपीवर बांधलेले जे लॉट पुल टेस्ट पास होऊन पॅक झाले आहेत, त्यातले प्रत्येकी काही भाग आजच बाजूला काढून भाजायला लावा. स्टिच उचलला तर ही गोष्ट गुणवत्ता प्रमुखांच्या टेबलावर ग्राहकाच्या फोनच्या आधी पोचली पाहिजे. लॉट क्रमांक, प्लाझ्माची वेळ, ओव्हनची नोंद आणि दोन पट्ट्यांचा तो खिडकीच्या उजेडातला फोटो एकत्र घेऊन जा.